रेडिओवरचं माझं मरण

माझा आवाज ज्वारीच्या राखणीनं घडवला. अंथुर्ण्याच्या शिवारात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायची, तर आवाज पार कालव्यापलीकडे जावा लागतो. पुढं मावशीकडे पुण्याला शिकायला गेले, आणि तिथल्या रेडिओवाल्यांनी तो आवाज ऐकून ऐन विशीत मला सासू करून टाकलं. दर आठवड्याला कौटुंबिक श्रुतिका असायची, तिच्यात मी सुनेला छळायची. बाकीच्या नट्या माइकपुढे मुरकायच्या, मी करवादायची. म्हणून टिकले.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे कळलं तेव्हा चावडीवर चार लोकांत ते म्हणाले, "ती आमाला मेली." आई आधीच वारलेली, त्यामुळे माहेर म्हणजे आबाच. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तेवढंच रडूही आलं.

गावाला मात्र माझ्यावाचून करमेना. चावडीत ग्रामपंचायतीचा रेडिओ होता. पुरुष गुळाचे भाव ऐकून उठले की बायका माझा छळवाद ऐकायला बसत. शेजारच्या चुलतीनं तर एकदा मला निरोप धाडला, "सुनंला जरा दमानं घे." लग्न न झालेल्या पोरीला सून कुठली, हे विचारायची तिला गरज वाटली नाही.

मग रेडिओवरचे साहेब बदलले. नव्या साहेबांच्या मेहुणीलाही सासूच व्हायचं होतं. एका घरात दोन सासवा कशाला, म्हणून मला क्षय झाला. माइकसमोर खोकत खोकत, सुनेची माफी मागत मी मेले. उशाशी मेहुणीनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून मरता मरता मला हसू आवरेना. काम गेलं, पुण्यात राहायचं कारणही गेलं. दुसऱ्याच दिवशी ट्रंक घेऊन एसटीनं बारामती गाठली आणि तिथून गावाला आले. आबा घरात घेतील का, एवढीच धाकधूक होती.

दारात बायका जमलेल्या. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की चूल पेटत नाही, भावकी कडू घास घेऊन येते. चुलती पिठलं-भाकरीची दुरडी घेऊन रडत उभी होती. मला बघताच ती दुरडी पडता पडता राहिली.

"अगं बया! तू हाईस?"

"हाय की काकी. ते नाटक व्हतं."

"त्याच रेडिवर गुळाचं भाव येत्यात. त्ये खरं, आन् तुजं मराण तेवढं खोटं व्हय?" ती चिडलीच. एवढं रडणं फुकट गेल्याचा तो राग होता.

ओट्यावर आबा बसले होते, डोळे सुजलेले.

"रातीपासनं पान्याचा घोट न्हाय घेतला त्यांनी," चुलती म्हणाली. "दर येळंला चावडीमागं लिंबाखाली हुबं ऱ्हाऊन तुला ऐकत्यात. कुनाला सांगू नगं म्हनत्यात."

हातची संधी सोडणाऱ्यांतली मी नव्हे. म्हटलं, "आबा, तुमीच म्हणला व्हता ना, मी तुमाला मेली म्हणून?"

"त्ये म्या म्हनायचं!" आबा गरजले. माझा आवाज कुणावर गेलाय ते मला तेव्हा कळलं. "त्या रेडिवाल्यानं कशापाई म्हनावं?"

मग दुरडी पुढं ओढून त्यांनी माझ्याच सुतकाची भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.