देवघरातल्या दोन बॅटऱ्या

इकडे उत्तरेत, आमच्या मुरारमध्ये कुणाच्या अंगणात म्हैस असते, कुणाच्या अंगणात गंजलेला कुलर. शेजारच्या सूर्याजीराव महाडिकांच्या अंगणात चक्क घर उभं आहे, चाकांवरचं. फौजेच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि आत पलंग, शेगडी, फ्रीज, संडास सगळं बसवलं. कारण विजयावहिनींना जेजुरीला जायचंय. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण या घरातलं कोणी तिकडे गेलेलं नाही, आणि वहिनींच्या गुडघ्यांना रेल्वेचा संडास झेपत नाही.

मार्चमध्ये त्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. दिवाळीपर्यंत प्रवास बंद, म्हणजे गाडीही बंद. मुलाचा, युवराजचा, पुण्याहून फोन आला, "पापा, खडे-खडे सड़ जाएगी. दिवाळीला येतो. एका चावीत सुरू झाली तर मम्मीला घेऊन जा, नाही तर विकून टाकू, बस."

उभी गाडी आपलीच बॅटरी खाते, हे मला तेव्हा कळलं. घड्याळ, अलार्म, काहीबाही आतल्या आत वीज पीतच राहतं. छतावर सोलर आहे, पण गाडी उन्हात ठेवली तर बॅटरी भाजते आणि कडुनिंबाखाली ठेवली तर सोलर उपाशी. मग दादासाहेबांनी (सूर्याजीरावांना मी असंच म्हणते) दोन्ही बॅटऱ्याच काढल्या, मोठी इंजिनाची आणि धाकटी पंखा-फ्रीजची. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत नेऊन पाटावर ठेवल्या. ती खोली म्हणजे देवघर.

"आता आरती कुणाची करू?" वहिनींनी विचारलं.

"सगळ्यांची कर. फरक काय पडतो!"

दर रविवारी मीटर लावायचा आणि भिंतीवर खडूने आकडा लिहायचा. १२.४ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरी ओसरीवर, चार्जरला. देवघरात नाही, कारण चार्ज होताना तिच्यातून पेटणारा वायू निघतो आणि तिथे समई. मे महिन्यात, जेव्हा चिमणीसुद्धा बाहेर पडत नव्हती, तेव्हा दादासाहेब डोक्यावर ओला पंचा घेऊन बॅटरीशेजारी बसलेले.

"दादासाहेब, वहिनींच्या उशाशी तरी इतकं बसलात का हो?"

"विचारा, विचारा!" आतून वहिनी.

खंडेनवमीला ओसरीवर शस्त्रपूजा होती. मी सवयीने बोलून गेले, "वहिनी, यांची खरी शस्त्रं म्हणजे या दोन बॅटऱ्या. यांनाही मांडा की."

वहिनींनी मनावर घेतलं. चौरंगावर नट आवळायचे पाने, पक्कड, मीटर आणि मधोमध दोन्ही बॅटऱ्या मांडल्या. वायर जोडायच्या टोकांवरच्या रबरी टोप्या काढल्या, नाही तर कुंकू लावणार कुठे? मग जागाच उरली नाही, म्हणून घराण्याची तलवार ठेवली मोठ्या बॅटरीवर आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. निळा लोळ उठला, तलवार तिथेच चिकटली आणि पातं तापून लाल होऊ लागलं. मी खांबामागे. दादासाहेब आंघोळीहून तसेच धावत आले, लाकडी पाट उचलला आणि एका फटक्यात तलवार अंगणात उडवली.

"लागलं का तुला?" त्यांनी पहिल्यांदा वहिनींना विचारलं.

वहिनी रडत होत्या. "गेली ना माझी जेजुरी?"

"बघू."

शब्दानेही रागावले नाहीत. माझ्याकडेही नुसतं पाहिलं आणि बॅटरीपाशी जाऊन बसले.

बॅटरी थंड होऊ दिली. चारी बाजूंनी हात फिरवून कुठे फुगली, कुठे तडकली ते पाहिलं. पाणी भरलं, दिवसभर अगदी सावकाश चार्ज केली. संध्याकाळी आकडा भरपूर दिसला तसा मी टाळ्या वाजवल्या.

"चार्ज केल्या केल्या प्रत्येक बॅटरी खोटं बोलते, सुधाताई. निजू द्या तिला, उद्या विचारू."

दुसऱ्या दिवशी गाडीचा एक दिवा तिला जोडला आणि अर्धा तास त्याच्याकडे बघत बसले. दिवा मंदावला नाही. मग रोज सकाळी तेच, दिवाळीपर्यंत. देवाला लोक इतकं निवांत पाहत नाहीत. मी चेष्टा करायला जायची आणि गपचूप चहा ठेवून परत यायची.

धनत्रयोदशीला युवराज आला. दादासाहेबांनी बॅटऱ्या गाडीत बसवल्या. युवराज म्हणाला, "पापा, दुसऱ्या गाडीवरून सुरू करायला जंपर केबल आणू का? बाद में बोलोगे..."

"हात लावायचा नाही. चावी आईला दे."

वहिनी नवे गुडघे सांभाळत चालकाच्या खुर्चीवर चढल्या. डोळे मिटून चावी फिरवली. इंजिन एकदा घरघरलं, धडधडत सुरू झालं आणि कडुनिंबावरचे पोपट उडाले.

युवराज वडिलांकडे बघतच राहिला. मीही. पंचवीस वर्षांचा शेजार, आणि मला वाटत होतं हा माणूस मला पाठ आहे.

"मान गए, पापा," युवराज म्हणाला. "मम्मी, उतर आता. भाऊबीज झाली की निघा."

"चढायला इतका वेळ लागला, आता उतरू कशाला?" वहिनींनी स्टिअरिंग सोडलंच नाही. "माझी पिशवी आण आतून."