मेजरांचे चाळीस सेकंद

मनगटावरचं घड्याळ काढून मेजर ते कीबोर्डशेजारी ठेवायचे, एंटर दाबायचे आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसायचे. "बगू या, किती घेतंय." वेबसाइटचं एक पान उघडायला चाळीस सेकंद लागायचे, कधी बेचाळीस. तेवढ्या वेळात हा माणूस मोबाइलला हात लावायचा नाही की चहाला उठायचा नाही. पान उघडलं की आकडा वहीत लिहायचा.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याच्याकडे बघून बाकीचे एकमेकांना कोपर मारतात. सांगलीत एका मजल्यावर आम्ही सातजण वेबसाइट बनवतो. त्यात हे एकटेच चाळिशी ओलांडलेले, पलूसकडचे, फौजेत सिग्नलला, म्हणजे संदेशवहनात, नोकरी करून रिटायर झालेले. आमच्याकडे फौजेतून आलेला कुणीही मेजरच. हुद्दा कोण विचारतो? पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "साहेब, माज्या बरोबरीच्यांनी गेटवर काठी धरली. मला त्ये न्हाई करायचं. कोर्स केलाय, टेबलावर बसून काम करतो. सा महिन्यांनी पक्कं करा, बास."

मी त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण टीमचा लीड. त्यांचे ते सहा महिने माझ्या हातात होते.

आमचं काम कंटेनरमध्ये चालतं. म्हणजे आपल्याच लॅपटॉपच्या पोटात एक छोटा लिनक्सचा संगणक चालवायचा आणि वेबसाइट त्यात चालवून बघायची. पोरं एकदम दहा बदल करायची, पान एकदाच उघडून बघायची आणि काम पुढे पाठवायची. त्यातलं निम्मं दुसऱ्या दिवशी चुका निघून परत यायचं. मेजर एक बदल करायचे, पान उघडायचे, चाळीस सेकंद थांबायचे, खात्री करायचे, मग दुसरा बदल. त्यांचं एकही काम परत आलं नाही. पण मी कामं मोजत होतो, परत आलेली मोजत नव्हतो. आता हे लिहिताना माझाच मला राग येतो.

पान हळू का, यावर ऑफिसात सगळे पंडित. कुणी म्हणे डेटाबेस, कुणी म्हणे रॅम कमी आहे. मालकांनी रॅम वाढवली. चाळीसचे एकोणचाळीस झाले.

एका दुपारी मेजरांनी वही माझ्यापुढे ठेवली. डेटाबेस बंद करून बघितलेला, रॅम वाढवून बघितलेली, एकेक गोष्ट बाजूला काढून आकडे लिहिलेले. शेवटच्या ओळीत दोन सेकंद.

"ह्ये कसं?" मी विचारलं.

"कोड त्योच, मशीन तीच. फकस्त जागा बदलली. आपला कोड हाय विंडोजच्या डी ड्राइव्हमदी, आन् चालतोय लिनक्समदी. एका पानाला हजारो बारक्या फायली लागत्यात. दुकान सांगलीत आन् माल मिरजेत, आन् एकेक खिळ्याला मिरजेला पळायचं, तसं चाललंय. कोड लिनक्सच्या आत ठेवला की झालं."

मी वही घेऊन त्यांच्यासह मालकांकडे गेलो. आता डी ड्राइव्हची गोष्ट सांगायला हवी. पूर्वी कधीतरी दुरुस्तीवाल्याने एक लॅपटॉप फॉरमॅट केला आणि सी ड्राइव्हवर ठेवलेली गिऱ्हाइकाची अख्खी वेबसाइट गेली. तेव्हापासून भिंतीवर कागद चिकटवलाय: सगळं काम डी मध्येच. नवीन माणसाला संडास कुठे आहे ते नंतर सांगतात, हे आधी.

"नियम म्हणजे नियम. बॅकअप डी चाच होतो," मालक म्हणाले.

"आवं सर, रोज संध्याकाळी आपोआप डी मदी कॉपी जाईल आसं लावून देतो की."

"मेजर, मशीनला नावं ठेवू नका. बाकीची पोरं त्याच मशीनवर तुमच्या दुप्पट काम करतात. वयाचा भाग असतो, मी समजू शकतो."

वही त्यांनी उघडलीसुद्धा नाही. आणि मी? मी तिथेच उभा होतो. मग वही उचलून बाहेर आलो, पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि ती मेजरांना परत दिली.

दुसरा कुणी असता तर गुपचूप आपल्या मशीनवर कोड हलवून मोकळा झाला असता. मेजरांनी कोड परत डी मध्ये ठेवला. "ऑर्डर हाय," म्हणाले, आणि पुन्हा घड्याळ काढून बसले. उपाय माहीत असताना तो माणूस रोज ते चाळीस सेकंद सोसत होता, आणि आम्ही त्याला हळू म्हणत होतो. मला आजही हे आठवलं की डोकं तापतं.

तीन आठवड्यांनी सहा महिने भरले. मालकांनी फॉर्म दिला. कामाचा वेग या रकान्यात मी लिहिलं: संथ. मालकांनी त्यांना पक्कं केलं नाही. मेजरांनी कागदाची आपली प्रत वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. टेबल पुसून गेले.

महिन्याभराने एक मोठं गिऱ्हाईक आलं. मालक त्यांना आमच्या मशीनवर पान दाखवायला गेले आणि पुरते चाळीस सेकंद पाहुण्यांसमोर हसत उभे राहिले. पाहुणे गेल्यावर त्यांनी मलाच झापलं. वहीच्या पानांचे फोटो माझ्याकडे होते. त्याच संध्याकाळी सगळा कोड लिनक्सच्या आत गेला, भिंतीवरचा कागद निघाला. पुढच्या मीटिंगमध्ये मालक म्हणाले, "आमच्या टीमने स्पीड वीसपट वाढवला." टीमने!

परवा कामासाठी पलूसकडे गेलो होतो. एका कारखान्याच्या गेटवर निळ्या गणवेशात मेजर उभे होते. मी गाडीतून उतरलो, झालं ते सगळं सांगितलं.

"चांगलं झालं. पोरांचा येळ वाचंल," म्हणाले. मग गेटची कडी लावत, "साताऱ्याला एका कंपनीत जमत आलं हुतं, साहेब. त्यांनी तुमचा कागद मागितला. आता नोकरीचं ऱ्हाऊ द्या. त्येवढा एक शब्द काढता आला तर बगा. पोरगी इचारती, पप्पा, संथ म्हंजी काय."

सोमवारी, तो शब्द काढू द्या म्हणून मी मालकांकडे गेलो. "जुनी रेकॉर्डं बदलत नसतात," ते मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले.

म्हणून इथे लिहितोय. मेजर संथ नव्हते. संथ काय होतं, ते त्यांनी सेकंद मोजून मला दाखवलं होतं, आणि ते बघितल्यावर तीन आठवड्यांनी मी तो शब्द लिहिला. त्या कागदाखाली मालकांची सही नाही. माझी आहे.