पिस्तुलाची रास्त किंमत

टोकियोच्या कोतो भागातल्या आमच्या इमारतीखाली खेळण्यातल्या पिस्तुलांचं दुकान होतं. मालक सदा काळ्या चष्म्यात. मी, तेव्हाची पंचावन्नची दीडशहाणी, त्यांना गुंड समजून लांबून जायची.

मोठ्या भूकंपानंतर वर्षभरात खेळण्यातल्या एका जुन्या पिस्तुलाची नवी आवृत्ती बाजारात आली आणि दुकानात गिऱ्हाइकांचे रोज वाद झडू लागले.

"मूठ प्लास्टिकची, आणि एवढी किंमत?"

"अहो, पण वजन बघा!"

मालक नुसतं "हं, हं" करत.

एकदा मी दारावरून जाताना जमीन हलली. दार अडकून बसू नये म्हणून मालकांनी आधी ते सताड उघडलं, मग मला आत ओढून स्वतःचं हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं. धक्का थांबला, पण माझे हात कापतच होते. त्यांनी त्या हातांत ते पिस्तूल ठेवलं.

"ओकुसान," ते 'बाईसाहेब' म्हणावं तशा अदबीनं म्हणाले, "तुम्हीच सांगा. जड आहे ना?"

"आहे बाई!" मी म्हणाले. हात थांबले होते.

किंमत? अगदी रास्त होती.