मामांचं मूळ गाणं

माझ्या बायकोचे मामा ज्या लग्नाला हजर असतात, त्या लग्नात नवरदेव मुहूर्तावर मांडवात पोचल्याचं एकही उदाहरण अख्ख्या मंठा तालुक्यात कुणाला सांगता येणार नाही. परण्या, म्हणजे नवरदेवाची घोड्यावरची मिरवणूक, निघाला की बँडवाले ते एक ठरलेलं सिनेमातलं गाणं वाजवणारच, पोरं नाचणारच आणि मामा हात वर करून सगळ्यांना थांबवणारच. "तुम्ही नाचून राह्यले, बराबर हाये. पण हे गाणं आलं कुठून, म्हाईत हाये का?" मग घोड्यावर घामाघूम झालेल्या नवरदेवासकट सगळ्यांनी त्या गाण्याचा इतिहास ऐकायचा. मामांनी शाळकरी वयात यात्रेतल्या तंबूत तो सिनेमा पाहिलेला. त्यात सासरी निघालेल्या लेकीच्या बैलगाडीमागून चालत बाप हे गाणं अगदी संथ म्हणतो. पुढे ऑर्केस्ट्रावाल्यांनी ते जरा पळवलं, बँडवाल्यांनी आणखी पळवलं आणि डीजेनं तर पार उधळूनच लावलं. "बाप रडून राह्यलाय अन् तुम्ही कंबर हलवता," हा समारोप. वडीगोद्रीला एकदा त्यांनी क्लॅरिनेटवाल्याला भर रस्त्यात मूळ चाल शिकवायला घेतली. मांडवात पंगती उठल्या तरी शिकवणी चालूच होती.

त्यामुळे मामांच्या स्वतःच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं आधीच बजावलं, "बाबा, माझ्या लग्नात इतिहास बिलकुल न्हाई. सासरच्या लोकांसमोर हसं व्हायचं." मामांनी शब्द दिला. आम्ही कुणी त्यावर भरवसा ठेवला नाही. पण परण्या निघाला, तेच गाणं वाजलं, व्याही स्वतः नाचायला उतरले आणि मामा गप्प. दोनदा त्यांचा हात वर गेला, दोन्ही वेळा त्यांनी टोपी नीट केली. अक्षता चक्क वेळेवर पडल्या आणि आचाऱ्याची त्रेधा उडाली, कारण मामांचा स्वभाव ओळखून त्यानं भात उशिरा चढवला होता.

पाठवणीच्या वेळी मुलगी गाडीत बसणार, एवढ्यात आष्टीच्या बँडनं तेच गाणं धरलं. पण संथ, पार वेगळं. लहानपणापासून बापाकडून ऐकलेली मूळ चाल तिनं गुपचूप बँडवाल्यांकडून बसवून घेतली होती. ती बापाजवळ येऊन म्हणाली, "बाबा, आता सांगा इतिहास. सगळे ऐकतेत."

मामांना जन्मभर जसा हवा होता तसा श्रोतृवर्ग समोर उभा होता. ते "हे गाणं..." एवढं म्हणाले आणि पुढे शब्दच फुटेना. मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मामांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि ते बँडवाल्यांकडे वळले. "जल्दी वाजव रे बाबा. पोरगी रडून राह्यली."

बँडवाल्यांनी ताल पळवला. मामा नाचायला लागले. त्यांना नाचता येत नव्हतं, पण मुलगी रडता रडता हसली आणि हसतच गाडीत बसली. गाडी वळणाआड गेली तरी मामा धुळीत एकटेच नाचत होते, आणि त्यांना थांबवायला आमच्यातलं कुणीच पुढं झालं नाही.