लंकाबाईची सावड

संगमनेरच्या प्रांत कार्यालयातल्या कारकुनाने ठरावाचा कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "मावशी, वाडीत मतदार किती?"

"शेहेचाळीस घरं हायेत," लंकाबाई म्हणाली.

"घरं नाही विचारली. माणसं किती?"

लंकाबाई मेंगाळने कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. कागदावर शेहेचाळीस सह्या नि अंगठे होते, घरटी एक. अकोल्याच्या पश्चिमेला डोंगराच्या पोटात असलेल्या करवंदवाडीत ती सहा दिवस फिरली होती आणि एकही घर तिने सोडलं नव्हतं. वाडीत सगळं घरटीच चालतं. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, सावड करतात: आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. तिथे घरटी एक माणूस. लग्नाचं बोलावणं घरटी, देवाचा नारळ घरटी. ठरावही तिने तसाच केला होता.

"यादीत तुमच्या वाडीचे एकशे एकाहत्तर मतदार आहेत," कारकून म्हणाला. "आदिवासी भागाच्या पेसा कायद्याखाली वाडीला स्वतःची ग्रामसभा पाहिजे ना? मग निम्म्याहून जास्त मतदारांनी ठराव केला पाहिजे. म्हणजे शहाऐंशी. हा कागद चालत नाही."

माणूस वाईट नव्हता. त्यानेच पुढे सांगितलं, की नायब तहसीलदार साहेब येत्या गुरुवारी त्या बाजूला पडताळणीला येणार आहेत. त्यांच्यासमोर शहाऐंशी माणसं बसवून ठराव केला तर कागद लगेच पुढे सरकेल. गुरुवार हुकला तर दिवाळी उजाडेल.

दिवाळीपर्यंत थांबून चालणार नव्हतं. वाडीच्या वर एक झिरा आहे, खडकातून पाझरणाऱ्या पाण्याचा. उन्हाळ्यात शेहेचाळीस घरांचे हंडे त्या एका झिऱ्यावर भरतात. दोन वर्षांपूर्वी मोठ्या वाघदरीच्या ग्रामसभेने झिऱ्याभोवतीच्या पठारावर काजवे बघायला येणाऱ्यांचे तंबू लावायला परवानगी दिली. करवंदवाडी वाघदरीतच मोडते, पण तिथे अकराशे मतदार. वाडीने हात वर केले काय नि खाली ठेवले काय, सारखंच. यंदा मे महिन्यात बायका पाण्याला गेल्या तेव्हा झिऱ्यात बिर्याणीच्या पत्रावळी तरंगत होत्या आणि कुणीतरी साबण लावून अंघोळ केली होती. आता पंधरा ऑगस्टच्या सभेत ती परवानगी आणखी तीन वर्षांसाठी वाढणार होती. त्याआधी वाडीचा कागद मार्गी लागला, तर झिरा कुणाचा हे विचारायला निदान एक दार उघडं राहणार होतं.

लंकाबाई दोन एसट्या बदलून घरी आली. सून सविता चुलीपुढे भाकरी थापत होती. सविता दहावी झालेली. वाडीचे सगळे अर्ज, सगळे ठराव तिच्या अक्षरात असत. तिचा नवरा गोरक्ष संगमनेरला दुधाच्या टँकरवर होता, महिन्यातून दोनदा घरी यायचा.

"परत धाडला," लंकाबाई म्हणाली. "घरं न्हाई, मानसं मोजायची म्हनं."

सविताने भाकरी तव्यावर टाकली. "मी सांगनार हुते."

"मंग तोंडात काय मूग भरले हुते?"

"तुमी म्हनालात घरटी एक. आपल्या घरची सही तुमी केलीत. कागद मी लिवला, चार डाव खाडाखोड करून लिवला. माझी सही हाय का त्याच्यात?"

झिऱ्यावरून रोज आठ हंडे सविताच आणते, हे लंकाबाईला ठाऊक होतं. सह्या गोळा करताना ते एकदाही मनात आलं नव्हतं. ती हातपाय धुऊन आली, ताटाशी बसली आणि म्हणाली, "सुना मोजायच्या. सगळ्या घरच्या."

"सासवा मोजू देतील का?"

"मी सासूच हाय. मी सांगते त्यान्ला."

पण आवणीच्या दिवसांत माणसं बसवणार कशी? एक-एक दिवस सावडीत बांधलेला. मोजक्या दिवसांत पुरी वाडी उरकायची, नाहीतर रोप जून होतं. गुरुवारची पाळी हौसाबाईची होती, लंकाबाईची मंगळवारची. लंकाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाईकडे गेली आणि म्हणाली, "तू मंगळवार घे, मला बेस्तरवार दे."

हौसाबाई हरखली. दोन दिवस आधी लावणी कोण नाकारतं? "आन् तुझं रोप?"

"माझं मी बघते."

मग ती घराघरात फिरली. घर बांधताना छपराचं आढं चढवायचं असलं की सावड घरटी दोन माणसांची होते. वजन तेवढं असतं. ती रीत तिने पुढे केली. "बेस्तरवारची सावड माझी. आढ्याची धरा. घरटी दोन, आन् त्यातली एक सून."

"खाचरात आढं कुठलं चढवतीस?" म्हातारे हसले.

"सायबापुढं बसायचं. सावड ज्याची, काम तो सांगंल तेच. माझं काम ह्येच हाय."

काहींनी कुरकुर केली. एकीने सुनेची गुडघेदुखी सांगितली, ती सून त्या वेळी मागे लाकडं फोडत होती. पण सावडीला नाही म्हणायची वाडीत रीत नाही. नाही म्हणणाऱ्याच्या बांधावर दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही.

बुधवारी दुपारी वाघदरीचे सरपंच गहिनीनाथ धादवड मोटरसायकलवरून आले. ओट्यावर बसले, चहा घेतला.

"लंकाबाई, वेगळी चूल मांडायची घाई झाली व्हय?"

"चूल कवाच वेगळी हाय, सरपंच. पानी तेवढं तुमी सांगाल तसं भरतो."

"तंबूवर तुमचीच चार पोरं कामाला हायेत. त्यान्ला काय सांगनार?"

"तंबू खाली लावा, वढ्यापल्याड. पोरं तिथं बी कामाला जातील. झिऱ्यापाशी नको."

"ते तुमी ठरवायचं?"

"आमची सभा झाली की आमीच ठरवनार. म्हनून तर घाई."

गहिनीनाथांनी कप खाली ठेवला. "सावडीचा दिस वाया घालवशील. रोप जून व्हईल, मंग माझ्याकडं रडत येऊ नको." ते बोलले त्यात धमकी कमी आणि शेतकऱ्याचं खरं जास्त होतं, म्हणून ते तिला लागलं.

गुरुवारी नऊ वाजता माणसं जमली. लंकाबाईच्या पडवीत, गोठ्यात, पुढच्या ताडपत्रीखाली. डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी, पायात चिखल. दोन घरं नारायणगावला टोमॅटोच्या कामाला गेली होती. बाकी सगळ्या घरची दोन-दोन आली. साहेब दहाला यायचे होते. अकरा झाले. बारा झाले. ग्रामसेवकाचा फोन आला, की ओढ्याला पाणी आहे, गाडी अलीकडे अडकली आहे, उतार पडला की येतो.

माणसं चुळबुळायला लागली. हौसाबाई म्हणाली, "अगं, नुसतं बसून काय करायचं? चल, तोवर तुझं खालचं खाचर लावून टाकू. एवढे हात हायेत, दोन तासांत उरकंल."

सगळे उठायला लागले. बायकांनी लुगडी खोचलीही. लंकाबाईचा नवरा बजरंग तर आधीच बांधाकडे निघाला होता. खालचं खाचर वाडीपासून चांगलं दहा मिनिटांवर. समोर पन्नास बायका, मुठी बांधून ठेवलेलं रोप, आणि वर्षाचा भात.

"न्हाई," लंकाबाई म्हणाली. "कुनी उठायचं न्हाई."

"येडी का काय तू?" बजरंग थबकला. "मानसं हाताशी, रोप हाताशी, आन् बसवून ठिवतीस?"

"चिखलात उतरली का ओळ पुरी केल्याबिगार कुनी वर येत न्हाई. सायेब येईल, रिकामी पडवी बघंल, लिवंल आन् जाईल."

"मी चाललो," बजरंग म्हणाला आणि खरंच गेला, एकटा, डोक्यावर रोपाचा भारा घेऊन. कुणी हसलं नाही. लंकाबाईने सविताला चहाचं मोठं पातेलं चढवायला सांगितलं. साखर संपली तेव्हा हौसाबाईने आपल्या घरून आणली.

अडीचला साहेब आले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. त्यांनी मतदार यादी काढली आणि एकेक नाव पुकारलं. माणूस उठायचा, कार्ड दाखवायचा, बसायचा. अठ्ठ्याऐंशी माणसं होती. पाच सुनांची नावं यादीत नव्हती, अजून माहेरच्या गावातच होती.

"त्र्याऐंशी," साहेब म्हणाले. "तीन कमी."

पाचातली एक सून डोळे पुसायला लागली, जसं काही तिनेच चूक केली होती.

"सायेब, चहा घ्या," लंकाबाई म्हणाली. "घरटी दोन बोलावली हुती. घरात अजून मानसं हायेत."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अर्धा तास थांबतो. पाणी वाढायच्या आत मला परत जायचंय."

सविता खोळसुद्धा न घेता पळाली. वरच्या आळीतून तिने हौसाबाईच्या म्हाताऱ्या सासूला हाताला धरून आणलं. म्हातारी वाटभर विचारत होती, लग्न कुणाचं आहे. मागून दोन लेकुरवाळ्या आल्या, कडेवर पोरं. मग सविता खालच्या खाचराकडे धावली. तिकडून बजरंग आला तो मांड्यांपर्यंत चिखलाने माखलेला. त्याने बायकोकडे पाहिलं नाही. साहेबांपुढे उभा राहून म्हणाला, "बजरंग कोंडाजी मेंगाळ. लिवा."

"सत्त्याऐंशी," साहेब म्हणाले. "सभेचे अध्यक्ष कोण?"

"लंकाबाई!" चारी बाजूंनी आवाज आला. तिने पदर सावरला आणि ती पुढे जाऊन बसली. नको-नको केलं नाही. सविताने ठराव वाचला, हात वर झाले. साहेबांनी पंचनामा लिहिला आणि प्रत्येकाची सही त्याच्या नावासमोर घेतली. सविताने आपलं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, खालची रेघ ओढून.

गहिनीनाथ ग्रामसेवकाबरोबर आले होते. जाताना म्हणाले, "अजून कलेक्टरची सही व्हायचीय, लंकाबाई."

"व्हईल. लांबली तर नगरला जाऊन बसंन. पंधरा ऑगस्टला बी आमी सत्त्याऐंशी जनं वाघदरीला येनार हाय, या कागदाची प्रत घेऊन."

चार वाजून गेले होते. माणसं आपापल्या घरी पांगली. उद्याची सावड दुसऱ्याची होती. लंकाबाई, सविता आणि बजरंग खालच्या खाचरात उतरले. बजरंगने एकट्याने साडेतीन ओळी लावल्या होत्या. तिघांनी दिवस मावळेपर्यंत आणखी अकरा लावल्या. वरची दोन खाचरं यंदा अर्धीच राहणार, हे तिघांनाही दिसत होतं.

"फुडल्या साली सावडीचा दिस असा घालवायचा न्हाई," बजरंग वाकल्या वाकल्या म्हणाला. दुपारपासून तो पहिल्यांदा तिच्याशी बोलत होता.

"फुडल्या साली कशाला घालवू? आपलीच सभा असंल. आवनी उरकल्यावर ठिवू." लंकाबाईने रोपाची नवी मूठ सोडली. "सरक तिकडं. तुझी ओळ वाकडी चाललीय."