ओढ्याच्या तोंडाशी आलेले मासे

सुट्टीत गोवा की महाबळेश्वर, असा घरात वाद चालला होता. मी म्हटलं, जिचं पाणी पिऊन वाढले ती नदी एकदा वरपासून खालपर्यंत बघून येते. घरच्यांनी कपाळाला हात लावला. मी एकटीच स्कूटर काढली.

पहिला दिवस राधानगरीचा. कोल्हापुरातून तास-दीड तास लागतो. सकाळी लवकर निघा, मेमधलं ऊन सोसत नाही. धरणाखाली भोगावतीत पाय सोडून बसले, तर तळाचे गोटे स्वच्छ दिसत होते. गोट्यांवर शेवाळ, शेवाळ खाणारी माशांची बोटभर पिल्लं आणि त्या पिल्लांवर टपलेला खंड्या. वाटेतल्या खानावळीत सव्वाशेत ताट मिळालं, रस्सा झणझणीत. दिवस लई भारी गेला.

दुसऱ्या दिवशी शिरोळकडे. खाली हीच नदी पंचगंगा होते आणि वाटेतल्या प्रत्येकाची घाण पोटात घेत येते. बंधारा दिसायच्या आधी वास आला. पाणी अडवायला बंधाऱ्यात लोखंडी बरगे घातलेले, आणि मागच्या फुगवट्यावर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, असं माजलेलं की पाणीच दिसेना. त्याखाली ना ऊन जातं, ना हवा. शेवाळ नाही, किडे नाहीत, खंड्या कशाला येईल? माझं डोकंच फिरलं.

तिथं दत्तूतात्या भेटले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. त्यांनी मला काठाकाठानं एका ओढ्याच्या तोंडाशी नेलं. तिथं पाझराचं चांगलं पाणी येतं, म्हणून नदीत जीव गुदमरला की मासे तिथं येऊन दाटी करतात. रोहू, शिंगटा, वाम, सगळ्यांची पोटं अंड्यांनी टम्म. पावसाआधी इथं जाळं टाकायचं नाही, हा तात्यांच्या घरचा नेम. हे मासे वाचले तरच पुढच्या वर्षी चूल पेटणार.

तेवढ्यात वरच्या गावातून त्यांच्या मेव्हण्याचा फोन आला. त्या गावात लग्न होतं, मांडव नदीकाठी. पावण्यांना वास नको म्हणून गावकऱ्यांनी आपल्या बंधाऱ्याचे बरगे काढले होते. आपल्या हद्दीतनं घाण पुढं ढकलली की झालं! ते काळं पाणी इथं तुंबून ओढ्यात शिरणार होतं. मी फोन हिसकावून घेतला आणि तोंडाला येईल ते बोलले.

मेव्हणा शांतपणे म्हणाला, "ताई, आमच्याकडं बी वरनंच आलंय की."

राग गिळता येईना आणि कुणावर काढावा तेही कळेना. तासाभरात पाण्याचा रंग बदलत बदलत जवळ आला. तात्या उठले आणि जाळं घेऊन आले.

मी म्हटलं, "तात्या, नेम?"

"मेल्यावर वेचण्यापरीस जित्तं काढतो. बापानं बगितलं न्हाय, तेवढं बरं झालं."

निघताना त्यांनी दोन रोहू पिशवीत घातले. पैसे घेतले नाहीत. मी नको म्हणू शकले नाही.

तुम्ही जाणार असाल तर राधानगरीवरून माघारी फिरू नका. खाली जा, नाकाला रुमाल न लावता उभे राहा.

घरी आल्यावर मासे चिरले, मूठ-मूठ अंडी निघाली. घरचे खूश, म्हणाले अंडी आधी तळ. मी तळली, खाल्ली, भांडी घासली. साबणाचं पाणी मोरीतून गेलं, मोरीतून नाल्यात. पुढं ते कुठं जातं, ते मी आता बघून आलेय.