मोअर ऑर लेस, काका

मी नवऱ्याचा, अरविंदचा, डबा भरत होते. त्याला मोजे सापडत नव्हते, कुकर शिट्टी द्यायच्या बेतात होता, आणि दारावर टकटक झाली. आमच्या दाराला बेल आहे. तरी बोटाच्या पेराने दार वाजवणारा आमच्या मजल्यावर एकच माणूस, समोरचे उदयसिंह. आमची बेल पीं-पीं वाजते, रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या मोठ्या गाडीसारखी. हल्ली ते तिला हात लावत नाहीत.

दार उघडलं तर ते उंबऱ्याबाहेर उभे. एकदा मान वळवून त्यांनी रिकामा पॅसेज पाहिला आणि मगच आत आले. उद्या ऑफिसात त्यांच्या वतीने इंग्रजी बोलायला याल का, असं विचारत होते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलंय हे मजल्यावर सगळ्यांना माहीत आहे. त्याचा उपयोग आजवर गॅसच्या तक्रारी आणि मुलांचे निबंध एवढाच झाला होता.

उदयसिंह मूळचे साताऱ्याकडचे. इथे द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात स्टॅकर चालवतात. भरलेला कंटेनर उचलून थप्पीवर थप्पी रचणारं ते अवाढव्य यंत्र. वर केबिनमध्ये बसलेल्याला मागचं सगळं दिसत नाही, म्हणून खाली वॉकीटॉकी घेऊन एक सिग्नलमन उभा असतो. उदयसिंहांचा सिग्नलमन होता शिवतेज. त्यांच्याच गावचा. त्यांनीच त्याला कामाला आणलं, आणि राहायला आपल्याच घरात, बंद केलेल्या गॅलरीत जागा दिली.

शिवतेज मोबाईलवर व्हिडिओ बघून इंग्रजी शिकायचा. सुटे शब्द त्याला आवडत नसत, जोडीने येणारे आवडत. लिफ्टसाठी ताटकळलो की म्हणायचा, "येईल ताई, सूनर ऑर लेटर." जेवतोस का वेळेवर, तर "नाऊ अँड देन." सुट्टीच्या दिवशी कुठे गेला होतास, तर "हिअर अँड देअर," आणि हातात करावे गावातून आणलेल्या मासळीची पिशवी. यार्डात त्याला सगळे 'अँडसाहेब' म्हणत. मी एकदा म्हटलं, अरे, हे सगळं आपल्याकडे आहेच की. आज ना उद्या, अधूनमधून, इकडेतिकडे.

"असंल, ताई," तो म्हणाला. "पण आपल्यात असं बोललं की आई म्हणती, नीट सांग. इंग्रजीत बोललं की लोक हसत्यात आणि पुढचं कुणी इचारत नाय."

खरं होतं ते. 'आज ना उद्या' म्हणणाऱ्याला घरचं माणूस तारीख विचारतं. 'सूनर ऑर लेटर' म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि बोलणं तिथेच संपतं. या जोड्या दोन्हीकडून धरून ठेवतात आणि कुठेच पोचवत नाहीत.

यार्डात वॉकीटॉकीचा नियम आहे. वरून विचारायचं, "मागं क्लिअर?" खालून उत्तरं दोनच, क्लिअर किंवा स्टॉप. शिवतेजने त्यात स्वतःचं तिसरं घातलं होतं, "मोअर ऑर लेस, काका." म्हणजे जवळजवळ क्लिअर, मी बाजूला होतोय, तुम्ही घ्या मागे. असं कितीतरी वेळा झालं, आणि काही झालं नाही. म्हणून तो त्या दोघांचा नियमच होऊन बसला. त्या दिवशी मागे एक लाकडी ओंडका पडला होता. तो ओढायला शिवतेज वाकला होता, आणि यंत्र मागे आलं.

तो गेल्यावर त्याच्या जोड्या मात्र आमच्या इमारतीत राहिल्या. आधीही असतीलच, तेव्हा कान गेला नव्हता. वॉचमन सांगतो, पाणी ऑन अँड ऑफ येईल. सेक्रेटरी म्हणतात, अगेन अँड अगेन सांगितलंय, चपला पॅसेजमध्ये ठेवू नका. जो तो पनवेलला नाहीतर ठाण्याला अप-डाऊन करतो. आणि असं काही कानावर पडलं की उदयसिंह हातातलं सोडून मागे बघतात. जिन्यात, वाण्याकडे, जेवताना. त्यांची बायको राजेश्वरी सांगत होती, घास हातात धरून मागच्या भिंतीकडे बघत राहतात. मी हसण्यावारी नेलं नाही. लिफ्टपाशी एकटी उभी असले की मलाही मान वळवावीशी वाटते.

आता मुख्य ऑफिसातून चौकशीला एक साहेब येणार होते. दक्षिणेकडचे, इंग्रजीच बोलणारे. यार्डाच्या मॅनेजरने उदयसिंहांना समजावलं होतं की शिवतेज 'क्लिअर' म्हणाला एवढंच सांगा. पोराची चूक ठरेल, तुमचं लायसन्स राहील, विषय संपेल. दुभाष्याचं काम मॅनेजरच करणार होते. त्यावर उदयसिंहांनी सांगितलं, बोलणारं माणूस मी माझं आणतो.

एवढं सांगून होतंय तोवर राजेश्वरी मागोमाग आली. ओल्या हातांनीच. दारातूनच म्हणाली, "वैदेहीताई, यांचं ऐकू नका. पोरगी बारावीला हाय. मेलेल्याची काय नोकरी जायची हाय?"

"त्याची आई जित्ती हाय," उदयसिंह म्हणाले.

शिवतेजची आई मुक्ताबाई गावाला असते. दिवसकार्य झाल्यानंतर तिने उदयसिंहांना फोन केला होता. रडली नाही, भांडली नाही. एकच विचारलं, माझ्या पोराचं काय चुकलं होतं का? एवढं विचारून तिने फोन ठेवला. राजेश्वरीला हे ठाऊक होतं. ती खुर्चीवर बसली, पण हात पुसले नाहीत.

मी गॅस बंद केला. अरविंद डबा उचलून, बुटांचा आवाज न करता निघून गेला. मी उदयसिंहांना म्हटलं, तुम्ही मराठीत सांगा, मी इंग्रजीत कसं म्हणेन ते ऐका. त्यांनी सांगितलं. मी ते नीटनेटकं मांडलं. मागची जागा बहुतेक मोकळी आहे असं सिग्नलमनने कळवलं, अशा अर्थाचं सरळ वाक्य.

त्यांनी हात वर केला. "शिवतेज असं नव्हता बोलला."

"अर्थ तोच आहे हो."

"असंल. पण ह्यात त्यो कुठं ऐकू येत नाय. त्यो जे बोलला तेच म्हणा."

मग मी ते म्हटलं. मोअर ऑर लेस. सकाळच्या उजेडात, डायनिंग टेबलाशी, कुकरची वाफ अजून शिट्टीतून फुसफुसत असताना. राजेश्वरीने पदर तोंडाला लावला. उदयसिंहांची मान वळली. मागे आमचा फ्रिज होता, त्यावर भाजीची यादी चिकटवलेली. ते बराच वेळ तिकडेच बघत राहिले, कुणाचं तरी बोलणं संपायची वाट बघितल्यासारखे.

ते पुढे वळल्यावर मी म्हटलं, हे ऐकल्यावर साहेब पहिला प्रश्न हाच करतील. क्लिअर म्हणाला नव्हता, तर तुम्ही थांबला का नाहीत? उत्तर काय देणार?

"तेच तर," राजेश्वरी म्हणाली. "सगळं यांच्याच गळ्यात येणार."

"येऊ दे," ते म्हणाले. आवाज चढला नाही. मग टेबलावर बोट ठेवून त्यांनी जे सांगितलं, ते त्यांनी पोलिसांना सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. शिवतेजने वॉकीटॉकीवर ते म्हटलं, काहीतरी गोड वाढावं तसं, लाडात. त्यांना हसू आलं. आपलं हसू पोराला ऐकू जावं म्हणून त्यांनी वॉकीटॉकीचं बटण दाबून धरलं, आणि हसत हसतच यंत्र मागे घेतलं. खाली शिवतेजच्या कानाशी शेवटचं काही होतं तर ते हसू.

राजेश्वरी नवऱ्याकडे बघत होती.

"लायसन्सचं जे व्हायचं ते होऊ दे," उदयसिंह म्हणाले. "ताई, मी हसलो होतो. तेवढं साहेबांना इंग्रजीत सांगा."